मँक्स नॉर्टनचे नंबर जुळत नाहीत, म्हणजे गाडी खोटी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या लिलावात १९५८ ची ५०० सीसी मँक्स नॉर्टन ही रेसिंग मोटरसायकल आहे, वर्णनात ‘एक्स-वर्क्स’ (म्हणजे पूर्वी कारखान्याच्या स्वतःच्या रेसिंग टीमची) म्हटलंय, पण इंजिन आणि फ्रेमचे नंबर वेगळे. नंबर सोडा, मला जास्त खटकतो तो ‘एक्स-वर्क्स’ हा शब्द.

मँक्स (५०० ची ३०एम, ३५० ची ४०एम) ही बर्मिंगहॅमच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवरून पैसे मोजून मिळणारी रेसर. वर्क्स गाड्या वेगळ्या. त्या नॉर्टनचा रेसिंग प्रमुख जो क्रेग याच्या देखरेखीखाली जेफ ड्यूक, रे एम यांच्यासारख्या रायडरांसाठी बनायच्या आणि त्या गाड्यांवर जमलेल्या गोष्टी पुढे मँक्सवर यायच्या. रेक्स मॅककँडलेसची फेदरबेड फ्रेम वर्क्स गाडीवर एप्रिल १९५० मध्ये ब्लँडफर्डला उतरली, गिऱ्हाइकांना ती १९५१ ला मिळाली. १९५४ चा सीझन संपल्यावर नॉर्टनने खास वर्क्स गाड्या थांबवल्या. मग १९५८ ची एक्स-वर्क्स आली कुठून? कारखान्याची मदत मिळणारा एखादा रायडर ती चालवत असेलही, पण तो वेगळा दावा झाला. त्याला रायडरचं नाव, शर्यत आणि तारीख लागते.

आता नंबर. पन्नाशीच्या दशकात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार (कूपर वगैरे) जोरात होत्या आणि त्यांना मँक्सचं इंजिन हवं असायचं. नॉर्टन नुसतं इंजिन देत नसे, म्हणून कारवाले अख्खी मोटरसायकल घेऊन इंजिन काढून घ्यायचे. उरलेल्या सांगाड्यात कुणी ट्रायम्फचं इंजिन बसवलं की ती ‘ट्रायटन’. अशी कितीतरी इंजिनं आणि फ्रेम्स तेव्हाच एकमेकांपासून सुटल्या. शिवाय मँक्सचं उत्पादन साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं, तरी १९६९ ला युगोस्लाव्हियातल्या ओपातियाला गॉडफ्री नॅशने ५०० ची ग्रां प्री मँक्सवरच जिंकली. इतकी वर्षं पळालेल्या रेसरची क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच, इंजिन नंबर त्यावरच असतो) बदललेली असणं स्वाभाविकच. उलट सगळे नंबर जुळून कागद मात्र शून्य असतील तर मी जास्त बारकाईने बघेन.

नंबर पंच केलेली जागा तिरप्या उजेडात बघा. ओतकामाचा मूळ खरखरीतपणा तिथेच गुळगुळीत झाला असेल, कानशीचे ओरखडे असतील किंवा एखादाच आकडा खोल गेला असेल, तर नंबर नंतर ठोकलाय. फेदरबेड फ्रेम वाइडलाइन म्हणजे रुंद प्रकारचीच हवी; अरुंद स्लिमलाइन १९६० ला आली ती रस्त्यावरच्या गाड्यांसाठी, मँक्सला कधीच नाही. मँक्सची फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ नळीची, नॉर्टनच्याच रस्त्यावरच्या डॉमिनेटरची साध्या पोलादाची, आणि रंगाखाली हा फरक दिसत नाही. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचे ब्रॅकेट कापून घासल्याच्या खुणा शोधा. हेड उतरलेलं असेल तर बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) मोजून घ्या: १९५४ पासून ८६ × ८५.६ मिमी, त्याआधी ७९.६ × १००. १९५८ च्या गाडीत लाँग-स्ट्रोक निघालं तर इंजिन जुन्या गाडीचं.

क्रँककेस आणि चाकांचे शंकूच्या आकाराचे (कोनिकल) हब मॅग्नेशियमचे असतात. रंगाला फोड आणि आत पांढरी भुकटी दिसली तर धातू खाल्ला गेलाय. मेन बेअरिंगचं घर सैल झालं असेल तर दुरुस्ती महागात जाते. (तिथे ग्राइंडर लावू नका, मॅग्नेशियमचा भुसा पेट घेतो.) व्हॉल्व्हच्या हेअरपिन स्प्रिंगा उघड्याच असल्याने हेडवर थोडं तेल दिसणारच, त्याला घाबरू नका. मात्र आधी एरंडेलाचं रेसिंग ऑइल वापरलं होतं का, हे विचारा. त्यात मिनरल ऑइल मिसळलं की चिकट गाळ होऊन तेलाच्या वाटा तुंबतात. ऑइल बदलायचं तर इंजिन, टाकी, पाइप सगळं खोलून धुवावं लागतं.

कॉलिन सीलीने १९६६ ला मँक्सचे साचे आणि सुटे भाग घेतले, १९६९ ला ते जॉन टिकलकडे गेले, आणि आज तर अख्खं इंजिन नवं मिळतं. त्यामुळे ‘मूळ भाग’ म्हणजे नेमका कोणत्या काळातला, हे यादी करून लेखी मागा. सोबत कारखान्याच्या डिस्पॅच नोंदीची (गाडी कारखान्यातून कधी, कुणाला गेली याची) प्रत, मालकांची सलग साखळी आणि त्या काळचा फोटो. फोटोत रेस नंबर वाचता यावा आणि तो कार्यक्रमपत्रिकेतल्या नावाशी जुळावा. हे नसेल तर वेगवेगळे भाग जोडून उभी केलेली रेसर समजून बोली लावा, ‘एक्स-वर्क्स’चा एक पाउंडही वर देऊ नका.