खचलेल्या जमिनीतली तळी

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडात विगनला चार महिने राहून आले. घरामागे कालवा आणि त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी तळी. बदकं, बगळे, बोरूची बेटं. ही तळी कोळशाच्या खाणींमुळे झाली, असं शेजारीण म्हणाली. आमच्या भागात खाणी आल्या आणि विहिरी आटल्या. मग तिथे तळी कशी भरली?
– एक वाचक, वणी

उत्तर : ताई, माझी उभी नोकरी वर्धा खोऱ्यात खाण सर्व्हेअर म्हणून गेली, तरी त्याच कालव्यावर मीही तुमच्यासारखाच बुचकळ्यात पडलो होतो. कालवा वर आणि शिवार खाली, हे कसं? लेकीने सांगितलं, "बाबा, कालवा वर गेला नाही, जमीन खाली गेली."

भूमिगत खाणीत छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब शेवटी काढत मागे सरायचं असतं. मागे राहते ती पोकळी म्हणजे गोफ. आधी लाकडी प्रॉप, म्हणजे छताचे टेकू, करकरतात, बारीक माती गळते, आणि गोफ बसतो, म्हणजे त्याचं छत कोसळतं. पहिल्यांदा बसला तेव्हा हवेच्या लोटाने माझ्या हातातला नकाशा पार गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या, टोकाला गेला होता. वरची जमीनही मग खचते.

ती कशी खचते, यात सगळं आलं. विगनकडचे कोळशाचे थर आपल्या मानाने पातळ आणि बरेच खोल. त्यामुळे वरची जमीन परातीसारखी अलगद दबली. त्यात वरची माती चिकण, पाऊस बारमाही, ओढ्यांचा उतार मोडलेला. पाणी साचलं. अशा तळ्याला तिकडे 'फ्लॅश' म्हणतात. कालवा फुटू नये म्हणून त्याचे काठ खाणीतलाच दगडगोटा टाकून वाढवत नेले. त्याच कालव्यावरची डोव्हरची जलद्वारं, म्हणजे होड्या वर-खाली नेणारे 'लॉक', तर निरुपयोगी झाली आणि विगनजवळ पूलस्टॉकला नवी बांधावी लागली. डोव्हरच्या पबच्या नावात मात्र 'लॉक' तसंच राहिलं.

आपल्याकडे थर जाड, काही ठिकाणी पंधरा मीटरच्या वर, आणि पृष्ठभागाच्या जवळ. तिथे परात होत नाही, भेगा आणि भगदाडं पडतात. चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला 2022 मध्ये आख्खं घर जमिनीत गेलं, आठवत असेल. उघड्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साचतं, पण कडा ताठ. बोरूला उथळ काठ लागतो, तो तिथे कुठला?

विगनची तळीही आपोआप नटली नाहीत. काहींत वीजकेंद्राची राख ओतली होती. गंमत म्हणजे त्या राखेवर पुढे ऑर्किड फुलले! 2022 मध्ये विगन आणि ली परिसरातली अशी 738 हेक्टर जागा राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाली. 'विलो टिट' हा चिमणीहून लहान पक्षी कुजक्या खोडात स्वतः भोक पाडून राहतो. ब्रिटनमध्ये तो झपाट्याने कमी झाला, पण इथल्या ओलसर झाडीत अजून टिकून आहे. तुमच्या शेजारणीने दाखवला नसेल तर पुढच्या खेपेला विचारा.

राहिली तुमची विहीर. खाण चालू असते तोवर पंप रात्रंदिवस पाणी उपसतात, आणि आसपासची पातळी उतरते. खाण बंद झाली, पंप थांबले, की पाणी हळूहळू चढतं. तुमच्याकडे ते चढतंय का, हे कळायला महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, दोराला दगड बांधून विहिरीत सोडा आणि पाणी किती हातांवर लागलं ते भिंतीवर खडूने लिहा. पावसाळ्याचे आकडे वेगळे ठेवा.