‘चार रंग लागतात’ की ‘चार रंग पुरतात’?

प्रश्न असा आहे : चार रंगांच्या प्रमेयाबद्दल मराठीत ‘प्रतलीय आलेखाला चार रंग लागतात’ आणि ‘चार रंग पुरतात’ अशी दोन्ही वाक्यं वाचायला मिळतात. अर्थ एकच ना? आणि ‘प्रतलीय’ऐवजी ‘सपाट’ चालेल का?

अर्थ एक नाही. आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा; कडा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येण्याजोगा असेल तर तो प्रतलीय. ‘पुरणे’ वरची मर्यादा सांगतं, ‘लागणे’ खालची. कडेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही, ही अट पाळून कुठलाही प्रतलीय आलेख चार रंगांत भागतो, एवढंच प्रमेय म्हणतं. साध्या चौकोनाला दोनच लागतात. केंप या गणितज्ञाने 1879 मध्ये चार पुरतात असं ‘सिद्ध’ केलं, 1890 मध्ये हीवुडने त्यातली चूक दाखवली आणि केंपच्याच युक्तीने पाच नक्की पुरतात हे दाखवलं. चारचा निकाल 1976 मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने लावला.

‘लागतात’ हे एकेका आलेखाबद्दल बोलावं. पाच बिंदूंचं कडं घ्या, म्हणजे गोलाकार मांडून प्रत्येक बिंदू पुढच्याशी जोडलेला. संख्या विषम, म्हणून दोन रंगांत जमत नाही, तीन लागतात. मधोमध एक बिंदू ठेवून तो पाचांशी जोडला की त्याला चौथा लागतो. यात सगळे एकमेकांशी जोडलेले असे चार बिंदू कुठेच नाहीत! तेव्हा ‘अशी चौकडी नाही, म्हणजे तीन पुरतील’ हा अंदाज फसतो. त्रिकोणच नसेल तर मात्र तीन पुरतात. हे ग्रॉट्शचं 1959 चं प्रमेय.

पुरतात हे माहीत असणं वेगळं आणि रंगवून दाखवणं वेगळं. सहा रंग असतील तर काम सोपं. प्रतलीय आलेखात पाच किंवा कमी शेजारी असलेला बिंदू नेहमी सापडतो. तो काढून चळतीवर ठेवा, उरलेल्यात पुन्हा तेच करा, मग उलट क्रमाने एकेक परत बसवत मोकळा रंग द्या. शेजारी मोजायचे ते उरलेल्या आलेखातले, मूळ आलेखातले नव्हेत. नाहीतर मध्येच गाडी अडते.

पाच रंगांत पाच शेजाऱ्यांचा बिंदू नडतो. त्याच्या शेजाऱ्यांपैकी एकमेकांना न जोडलेले दोन निवडा (असे दोन असतातच, कारण पाचही परस्परांशी जोडलेले असते तर आलेख प्रतलीय राहिला नसता) आणि ते दोघे व हा बिंदू मिळून एकच बिंदू करा. उरलेला आलेख रंगवून झाला की उलगडा. त्या दोघांना एकच रंग मिळालेला असतो, म्हणजे पाच शेजाऱ्यांत जास्तीत जास्त चार रंग, आणि मधल्याला पाचवा मोकळा. चुकून जोडलेले दोन निवडले, तर उलगडल्यावर तेच सख्खे शेजारी एका रंगाचे निघतात.

नीट मांडणी केली तर पाच रंगांचं काम बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणात वेळ घेतं, चार रंगांचं 1996 मधल्या रीतीने संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. तीन पुरतील का, हा प्रश्न मात्र एनपी-कंप्लीट, म्हणजे ज्यांची जलद रीत कुणालाच माहीत नाही अशा अवघड प्रश्नांपैकी. दोनचा पुन्हा सोपा.

आता ‘सपाट’. कागदावरचं प्रत्येक चित्र सपाटच असतं. चौकोन आणि त्याचे दोन्ही कर्ण काढा, कर्ण छेदतात. पण एक कर्ण बाहेरून वळवून नेला की छेद उरत नाही. म्हणून तो आलेख पहिल्या चित्रातही प्रतलीयच होता. ‘प्रतलीय’ म्हणजे कडा न छेदता काढता येण्याजोगा, मग समोरचं चित्र कसंही असो. ‘सपाट’मध्ये हे ‘येण्याजोगा’ कुठेच नाही.