वाचकांचे प्रश्न : कार्यशाळेला निघण्याआधी घड्याळ लावा

प्रश्न : आमचा आंब्याचा पल्प डब्यात भरण्याचा कारखाना आहे. मे महिन्यात संध्याकाळी कॅनिंगच्या आंब्याचे टेम्पो एकदम येतात आणि रांग रस्त्यापर्यंत जाते. मालकांचं मत आहे की दुसरं सीमिंग मशीन (डब्याचं झाकण बंद करणारं यंत्र, म्हणजे सीमर) घेतलं की सुटेल. सिम्युलेशन (कारखान्याचं काम संगणकावर मॉडेल करून चालवून बघणं) शिकवणाऱ्या तीन दिवसांच्या एका कार्यशाळेची माहिती मिळाली आहे. फी भरून जावं का?
– उत्पादन पर्यवेक्षक, रत्नागिरी

उत्तर : जरूर जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. स्वतःच्या कारखान्याच्या नोंदी बरोबर नसतील तर तीन दिवस पडद्यावर हलणारी चित्रं बघून परत याल.

आधी मशीनचं बघू. टेम्पोतून उतरलेला आंबा लगेच पल्परमध्ये (गर काढणाऱ्या यंत्रात) जात नाही, तो पिकायला काही दिवस ठेवावा लागतो. म्हणजे दारातली रांग आणि सीमर यांच्यामध्ये पिकवणीची अख्खी खोली आहे. सीमरचा वेग वाढवून रांग हटेल ती फक्त एका वाटेने : पिकवणीची खोली भरलेली असल्यामुळे किंवा रिकामे क्रेट नसल्यामुळे उतरवणं अडत असेल, तर. तसं अडतं का, हे आठ दिवस लिहून बघा. कित्येकदा अडचण क्रेटची असते आणि खर्च मशीनवर होतो.

शिवाय सीमरच्या पुढे काय आहे? पल्प पुरेसा आंबट (पीएच ४.६ च्या खाली) असल्याने डबे उकळत्या पाण्याच्या टाकीत प्रक्रिया करून निघतात, आणि टाकी घाण्याने चालते. समजा सीमर मिनिटाला २० डबे बंद करतो. टाकीत एका वेळी ६०० डबे बसतात आणि भरणं, उकळणं, काढणं धरून एका घाण्याला ४० मिनिटं लागतात. म्हणजे टाकीचा वेग मिनिटाला १५. तासाला १२०० डबे बंद होणार, ९०० प्रक्रिया होऊन निघणार, ३०० साचणार. इथे दुसरा सीमर आणलात तर साठा वाढेल, उत्पादन एका डब्यानेही वाढणार नाही. एवढं कळायला संगणकही लागत नाही.

संगणक लागतो तो चढउतारासाठी. समजा वजनकाट्यावर एक टेम्पो उरकायला सरासरी १२ मिनिटं लागतात आणि सरासरी १५ मिनिटांनी एक टेम्पो येतो. सरासरीच्या हिशेबाने काटा २० टक्के वेळ मोकळा, मग रांग कसली? पण गाड्या वेळापत्रकाने येत नाहीत आणि प्रत्येक गाडीला सारखा वेळही लागत नाही. दोन्हीकडे पूर्ण अनियमितता धरली तर रांगेच्या गणिताने सरासरी थांबणं ४८ मिनिटं येतं. येण्यातलं अंतर १३ मिनिटं २० सेकंदांवर आलं की तेच १०८ मिनिटं. गर्दी वाढली साडेबारा टक्क्यांनी, पण थांबणं दुपटीहून जास्त झालं. उलट १५ मिनिटांचंच अंतर ठेवून प्रत्येक गाडी बरोबर १२ मिनिटांत उरकायची शिस्त लावली, तर ४८ चे २४ होतात, आणि तेही नवं मशीन न घेता. क्रेटची संख्या आधी मोजून ठेवणं, पावती आधी तयार ठेवणं, उतरवणाऱ्या माणसांची जोडी ठरलेली असणं, यातून ही शिस्त येते.

हे गणित मात्र प्रवाह दीर्घकाळ सारखा असेल तरच लागू पडतं. तुमच्याकडे तीन-चार तासांत लोंढा येतो आणि ओसरतो. म्हणून सिम्युलेशन.

निघण्याआधी किमान दहा दिवसांची नोंद घ्या : टेम्पो दारात आला ती वेळ, काट्यावर चढला, उतरवणं सुरू झालं, संपलं, किती क्रेट, त्या क्षणी रिकामे क्रेट किती. गेटच्या रजिस्टरवर विसंबू नका. तिथे पाच, सव्वापाच, साडेपाच अशाच वेळा भेटतात, कारण पहारेकरी अंदाजे लिहितो. आणि ज्या गाड्या रांग बघून दुसऱ्या कारखान्याकडे वळल्या त्यांची वेगळी रेघ मारा. त्या कुठल्याच रजिस्टरात येत नाहीत, म्हणून मॉडेल खऱ्या मागणीपेक्षा कमी गर्दी दाखवतं. आणि सुधारणा केल्यावर त्या गाड्या परत येऊन रांग पुन्हा तेवढीच होते.

कार्यशाळेत दोन गोष्टी शिकवतात का ते फी भरण्याआधी विचारा. पहिली, मॉडेल खरं आहे हे कसं तपासायचं. सोपी रीत अशी : एका खऱ्या दिवसाच्या येण्याच्या वेळा जशाच्या तशा मॉडेलमध्ये घाला आणि निघणारं थांबणं त्या दिवसाच्या नोंदीशी ताडा. दुसरी, एकाच फेरीवर (मॉडेल एकदाच चालवून) निष्कर्ष न काढणं. ३० फेऱ्यांत सरासरी थांबणं ५२ मिनिटं आणि प्रमाण विचलन (फेऱ्याफेऱ्यांतला चढउतार) १८ आलं, तर ९५ टक्के विश्वासाची मर्यादा सरासरीच्या साधारण ७ मिनिटं अलीकडे-पलीकडे पडते. अशा वेळी "दुसऱ्या पर्यायाने ५ मिनिटं वाचली" म्हणण्याला आधार उरत नाही. दोन्ही पर्यायांवर त्याच यादृच्छिक आकड्यांची मालिका चालवा आणि फेरीगणिक फरक काढा. मग लहान फरकही उघडा पडतो.

एक चूक शिकवणाऱ्यांकडूनही होते. सुरुवातीचा काही वेळ आकडेवारीतून काढून टाकायचा, असा नियम सगळीकडे लावला जातो. अखंड चालणाऱ्या कामाला तो बरोबर आहे. रोज उघडून रोज बंद होणाऱ्या काट्याला नाही, कारण तिथे सुरुवातसुद्धा खऱ्या दिवसाचाच भाग असते. फक्त आदल्या रात्रीचे भरलेले क्रेट मॉडेलमध्ये पहिल्या मिनिटापासून असू द्या.

प्रश्न : आमच्या रासायनिक कारखान्याचा वार्षिक शटडाऊन (देखभालीसाठी कारखाना बंद ठेवणं) यंदा जूनच्या तोंडावर आला आहे. पर्ट पद्धतीने (प्रकल्पाला लागणारा वेळ काढण्याची एक रीत) काढलेली तारीख दर वर्षी चुकते. सिम्युलेशनने फरक पडेल का?
– देखभाल अभियंता, लोटे

उत्तर : पडेल, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. पर्ट १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालं. त्यात कामाचा कमीत कमी, बहुधा लागणारा आणि जास्तीत जास्त असे तीन वेळ घेतात. ४, ६ आणि १४ दिवस असतील तर (४ + ४ × ६ + १४) ÷ ६ म्हणजे ७ दिवस. इथवर ठीक. पण हातच्या हिशेबात एकामागून एक होणाऱ्या कामांची एकच सर्वांत लांब वाट धरली जाते. रिॲक्टरची सफाई, पाइपिंग आणि विद्युतकाम या तिन्ही वाटा एकाच चाचणीपाशी मिळत असतील आणि प्रत्येक वेळेवर संपण्याची शक्यता ८० टक्के असेल, तर तिन्ही वेळेवर संपण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ५१ टक्केच. तारीख इथे हुकते, कुणाच्या आळसामुळे नाही. माँटे कार्लो पद्धतीत प्रत्येक कामाचा वेळ दर खेपेला चिठ्ठीसारखा उचलून संगणकावर हजारो वेळा संपूर्ण शटडाऊन चालवून पाहिला जातो, म्हणून हे मिलन आपोआप हिशेबात येतं.

कोकणात मात्र आणखी एक गाठ आहे. वरचा गुणाकार वाटा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरतो. पाऊस आला की क्रेन, परांची, उघड्यावरचं वेल्डिंग, रंगकाम सगळं एकत्र थांबतं. म्हणून प्रत्येक कामाला वेगळा पाऊस देऊ नका; एका दिवसाचा पाऊस एकदाच निवडा आणि उघड्यावरच्या सगळ्या कामांना तोच लावा. दिवस सुटे सुटेही निवडू नका. पाऊस झडीने लागतो, चार दिवस सलग कोसळतो. हवामान विभागाच्या नोंदीतून एखाद्या वर्षाचा अख्खा जून उचला, पुढच्या फेरीला दुसऱ्या वर्षाचा. किती पावसाला काम थांबतं हे फोरमनना विचारून ठरवा. विभागाची 'जोरदार पावसाची' पायरी २४ तासांत ६४.५ मिलिमीटरला सुरू होते, पण उघड्यावरचं वेल्डिंग त्याच्या कितीतरी आधी बंद पडतं.

व्यवस्थापनाला एक तारीख देऊ नका. ५० टक्के खात्रीची आणि ८५ टक्के खात्रीची, अशा दोन द्या. ठेकेदाराशी करार दुसऱ्या तारखेवर करा.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनात आजूबाजूच्या काजू आणि मासळी कारखान्यांसाठी अशी कार्यशाळा घ्यायची आहे. वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे. कशी आखावी?
– प्राध्यापक, सिंधुदुर्ग

उत्तर : महिना आधी निवडा. एप्रिल-मेमध्ये कारखान्यातला माणूस सुटत नाही, आणि गणपती-शिमग्यात कुणीच नाही. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. अडचण इतकीच की तेव्हा एप्रिल-मेच्या गर्दीच्या नोंदी घेता येत नाहीत, म्हणून नोंदीचा छापील तक्ता मार्चमध्येच पाठवून द्या.

२४ जण, १२ संगणक, दोघांत एक. पायथन (प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा) आणि त्यातलं सिमपाय हे सिम्युलेशनचं मोफत पॅकेज, दोन्हींच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर बसवा आणि चालवून पाहा. इंटरनेटवरून त्या सकाळी उतरवायला गेलात तर पहिला अर्धा दिवस गेलाच.

पहिल्या सकाळी संगणक सुरूच करू नका. पाच जणांची ओळ करा, प्रत्येकाला एक फासा, मधे वाटीत चिंचोके. पहिला जण जेवढं दान पडेल तेवढे चिंचोके पुढे सरकवतो. बाकीचे दानाइतके किंवा वाटीत असतील तेवढे, जे कमी असेल ते. फाशाची सरासरी ३.५, म्हणजे २० फेऱ्यांत ७० चिंचोके बाहेर यायला हवेत. जवळजवळ नेहमीच कमी येतात, कारण मोठं दान पडतं तेव्हा वाटी रिकामी असते. वीज गेली तरी हा खेळ चालतो, आणि नंतरचे दोन दिवस याच धाग्यावर उभे राहतात. दुसऱ्या दिवशी तयार छोटं मॉडेल बदलायला द्या. कोऱ्या पानावरून लिहायला लावलंत तर निम्मे जण कंस शोधत बसतील. तिसरा दिवस पूर्णपणे त्यांच्या स्वतःच्या नोंदींना.

प्रश्न : महागडं सॉफ्टवेअर नसेल तर एक्सेलमध्ये जमेल का?
– लघुउद्योजक, चिपळूण

उत्तर : एका रांगेपुरतं उत्तम जमतं. येण्यातलं अंतर काढायला = -LN(1-RAND())*15 असं सूत्र वापरा, १५ म्हणजे सरासरी मिनिटं. नुसतं LN(RAND()) लिहू नका. RAND क्वचित शून्य देतो आणि मग चूक येते. कामाच्या वेळेसाठी नॉर्मल वितरण (सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरणारं) टाळा, त्यात उणे मिनिटं निघतात. तुमच्या नोंदींतूनच चिठ्ठी काढल्यासारखी वेळ उचला. आणि प्रत्येक बदलाला RAND नवे आकडे देतो, तेव्हा दोन पर्याय ताडण्याआधी आकड्यांचा रकाना कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून चिकटवा.