‘तो’ मेला, ‘मी’ नव्हे

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : साहित्यातले आणि तत्त्वज्ञानातले मरण

प्रश्न : आमच्या वाचनगटाने टॉल्स्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ वाचायला घेतली आहे. पहिले प्रकरण नायक मेल्यानंतरचे, आणि त्यात नुसती फुटकळ माणसांची वर्दळ. दुसऱ्यापासून सुरुवात केली तर चालेल का? बैठका किती धराव्यात? (सांगली)

उत्तर : चालणार नाही. १८८६ सालच्या या दीर्घकथेचा सापळा पहिल्याच प्रकरणात लावलेला आहे. न्यायालयातले सहकारी वर्तमानपत्रात इव्हान इलिच गेल्याची बातमी वाचतात. प्रत्येकाच्या मनात आधी येते, आता त्याच्या जागी कोण आणि माझी बढती कुठवर. त्यामागोमाग गुपचूप समाधान : मेला तो, मी नाही. त्यांच्यातलाच प्योत्र इव्हानोविच भेटायला जातो, तर त्याला चिंता ही की छातीवर क्रूस काढताना वाकायचे की नाही. बसायला दिलेल्या गुबगुबीत बैठकीच्या स्प्रिंगा त्याला खालून ढोसतात. विधवेच्या शालीची लेस मेजाच्या कोरीवकामात अडकते. डोळे पुसता पुसता ती विचारते, सरकारी तिजोरीतून आणखी काही रक्कम मिळेल का?

वाचक इथे हसतो, आणि हसला की प्योत्रच्या शेजारी जाऊन बसला. पुढे मेलेल्या माणसाचे आयुष्य उलगडते तेव्हा त्या जागेवरून उठणे अवघड जाते. हे प्रकरण गाळलेत तर हाती एका आजारी माणसाची करुण कथा उरेल. तशा कथा पुष्कळ आहेत.

बैठका चार धरा, प्रत्येकी दीड तास. पहिलीत फक्त पहिले प्रकरण, तेही मोठ्याने वाचून. दुसरीत २ ते ४, तिसरीत ५ ते ८, चौथीत ९ ते १२. दुसऱ्या बैठकीला पेन्सिल हाताशी ठेवा आणि ‘सभ्य’, ‘सुखद’, ‘रीतीला धरून’ अशा अर्थाचे शब्द आले की खूण करा. पाने खुणांनी भरतील, आणि इव्हानच्या आयुष्याचा आजार त्याच्या शरीराच्या आजाराआधीच दिसायला लागेल. चौथ्या प्रकरणात डॉक्टर त्याच्याशी अगदी तसा वागतो जसा तो स्वतः न्यायासनावरून आरोपींशी वागत आला आहे. ते पान दोनदा वाचा.

प्रकरणे पुढे पुढे आखूड होत जातात. दुसऱ्यात एका माणसाची अनेक वर्षे भराभर उरकली जातात, तर बाराव्यात शेवटचे तीन दिवस आहेत आणि त्यातही भर अखेरच्या तासांवर. हा आवळत जाणारा वेळ जाणवायला हवा म्हणून चौथी बैठक मध्ये चहासाठी थांबवू नका.

तिसरी बैठक हमखास फसते. कोणीतरी निदान सुरू करते : पडदे लावताना शिडीवरून घसरून कुशीला लागले होते, मग हे मूत्रपिंड की आंत्रपुच्छ? कथेतले डॉक्टरही नेमका हाच वाद घालतात. इव्हानला एवढेच विचारायचे असते की माझे गंभीर आहे की नाही, आणि त्याला उत्तर मिळत नाही. गटाने निदानाचा वाद घातला तर गटही त्या डॉक्टरांच्याच रांगेत बसला.

प्रश्न : माणूस मर्त्य आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग तत्त्वज्ञांनी यात नवे काय सांगितले? (नागपूर)

उत्तर : ठाऊक असते, पण कोणाबद्दल? सहाव्या प्रकरणात इव्हानला तर्कशास्त्राच्या पुस्तकातला धडा आठवतो : कायस माणूस आहे, माणसे मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. कायसच्या बाबतीत त्याला हे बिनचूक वाटते. पण तो कायस थोडाच आहे? तो वान्या आहे, लहानपणी लाडाने हाक मारलेला आईबापांचा वान्या. पट्ट्यापट्ट्यांच्या चामडी चेंडूचा वास, आईच्या रेशमी झग्याची सळसळ, हे कायसला कुठले माहीत! तर्कात चूक काहीच नाही. पण ‘मी’ त्या वाक्यात बसत नाही.

महाभारताच्या वनपर्वात यक्ष विचारतो, आश्चर्य कोणते? युधिष्ठिर सांगतो : रोज प्राणी यमाघरी जात आहेत, आणि उरलेले कायम राहू इच्छितात. हा श्लोक आपण सुभाषित म्हणून पाठ करतो आणि एक गोष्ट विसरतो. हे उत्तर देताना त्याचे चारही भाऊ त्या तळ्याकाठी निपचित पडलेले आहेत. ते चित्र काढून घेतले की श्लोक कायसच्या धड्यासारखा कोरडा होतो.

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९२७ च्या ‘सत्ता आणि काळ’मध्ये (सत्ता म्हणजे इथे ‘असणे’) याच फटीवर बोट ठेवले. रोजच्या बोलण्यात मरते ते ‘कोणीतरी’. आपल्याकडे ‘आज आहे उद्या नाही, माणसाचे काय घेऊन बसलात’ म्हणतात, त्याच जातीचे ते बोलणे. खरे असते, पण बोलणाऱ्याला शिवत नाही. ५१ व्या परिच्छेदाच्या तळटीपेत तो टॉल्स्टॉयच्या याच कथेचा उल्लेख करतो. ग्रंथ पहिल्या पानापासून धरलात तर बहुधा मध्येच सुटेल. ४६ ते ५३ हे परिच्छेद आधी घ्या, वेळच नसेल तर ५१ आणि ५३. तो ज्याला ‘मरणोन्मुख असणे’ म्हणतो ते म्हणजे सदा मरणाचे चिंतन करत बसणे, असा अर्थ मात्र काढू नका. तो स्वतःच तसे करायला नको म्हणतो.

आमचे मत विचाराल तर एका बाबतीत टॉल्स्टॉय हायडेगरच्या पुढे गेला, आणि तेही ४१ वर्षे आधी. दुसऱ्याचे मरण कोणी मरू शकत नाही, हे दोघांनाही मान्य. पण टॉल्स्टॉयकडे गेरासिम हा नोकर आहे. आजाऱ्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसणारा, आणि ‘आपण सगळेच मरणार, मग थोडे कष्ट घ्यायला काय झाले’ असे सहज म्हणणारा. तेच ‘सगळे मरतात’ हे वाक्य इथे पळवाट राहत नाही.

प्रश्न : आपण असतो तेव्हा मरण नसते, मरण असते तेव्हा आपण नसतो, हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे म्हणणे पटते. तरी भीती का जात नाही? (बेळगाव)

उत्तर : कारण त्याचे उत्तर ‘मेलेले असणे’ या एकाच भीतीला आहे. मरतानाच्या वेदनेची भीती वेगळी आणि हातातले सुटून जाण्याची वेगळी. इव्हानला शेवटी गाठणारी भीती तर चौथीच : सगळे रीतीने जगलो, पण ते जगणेच चुकीचे असेल तर? तिच्यावर एपिक्युरसची मात्रा चालत नाही. कुठली भीती आहे ते आधी ओळखा, मग युक्तिवाद शोधा.

प्रश्न : इव्हानला अखेरीस मरणाच्या जागी प्रकाश दिसतो. ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ म्हणणारे तुकोबा हेच सांगतात ना? (आळंदी)

उत्तर : जवळचे आहे, तेच नाही. अभंगाचे क्रियापद पाहा : ‘पाहिलें’. मरण होऊन गेले आहे आणि सांगणारा बोलतो आहे. मेला तो अहंकार. पुढे ‘फिटलें सुतक जन्ममरणाचें’ येते. सुतक मागे राहिलेल्यांना असते. इथे गेलेला तोच, सुतकी तोच, आणि सुतकातून सुटलेलाही तोच. इव्हानला बोलायला मागे राहता येत नाही, त्याचा प्रकाश आपल्याला निवेदक सांगतो. शिवाय तुकोबांकडे हा ‘सोहळा’ आहे, इव्हानकडे तीन दिवसांच्या अखंड किंकाळीनंतर आलेली उसंत. अभंग गाथेत शोधताना क्रमांकावर विसंबू नका, प्रतीगणिक तो बदलतो. अकारविल्ह्याने, म्हणजे वर्णक्रमाने, पहिला चरण पाहा.

प्रश्न : शेवटच्या प्रकरणात इव्हानला बायकोची क्षमा मागायची असते आणि तोंडून भलताच शब्द जातो. मूळ रशियनमध्ये काय आहे? (पुणे)

उत्तर : त्याला ‘प्रस्ती’ म्हणायचे असते, म्हणजे क्षमा कर. निघते ‘प्रपुस्ती’, म्हणजे वाट दे, जाऊ दे. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. भाषांतरकारांची इथे कोंडी होते, कारण दोन मिळते शब्द सापडत नाहीत. मराठीची गोम उलटी आहे. आपल्या ‘जाऊ दे’त दोन्ही अर्थ आधीच आहेत, झाले गेले विसर आणि मला सोड. त्यामुळे अर्थ नेमका बसतो, पण जीभ घसरल्याचा भास उरत नाही. गटात वाचताना हे अडखळणे आवाजातून आणावे लागेल. चूक सुधारण्याइतके त्राण इव्हानमध्ये नसते. तो नुसता हात हलवतो. ज्याला कळायचे त्याला कळेल, हे त्याला ठाऊक असते.