तुमचे प्रश्न : सात हजार डॉलरचा पिक्चर आणि गंगेवरचा वारा

मागच्या अंकात 'एल मारियाची' या स्पॅनिश पिक्चरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की फोन चार्जिंगला लावून वाचत बसलो. ज्यांनी अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉबर्ट रॉड्रिगेझ नावाच्या टेक्सासच्या २३ वर्षांच्या पोरानं १९९१ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या सिउदाद अकुन्या या बॉर्डरवरच्या गावात जाऊन दोनेक आठवड्यांत अख्खा पिक्चर शूट केला, खर्च साधारण ७,००० डॉलर. स्टोरी एवढीच की गिटारची पेटी घेऊन एक गायक काम शोधत गावात येतो, आणि त्याच वेळी तसलीच पेटी घेऊन एक गुंडही आलेला असतो, फक्त त्याच्या पेटीत बंदुका असतात. पुढचा घोळ तुम्हीच बघा.

प्रश्न : दादा, सात हजार डॉलर खरंच का फेकाफेकी? आम्ही चौघं मित्र आहोत, कॉलेज रोडला राहतो, कसेबसे सत्तर हजार रुपये जमलेत. यात फीचर (म्हणजे पूर्ण लांबीचा पिक्चर) होईल का?

उत्तर : आकडा खरा आहे पण अर्धवट खरा आहे. सात हजारात झालं ते शूटिंग आणि व्हिडिओवरची पहिली कॉपी, आणि त्यातलाही मोठा वाटा १६ एमएमची (अरुंद, स्वस्तातली) फिल्म, ती धुणं आणि व्हिडिओवर घेणं यातच गेला. माणसांवर, जेवणावर, लाइटवर जवळपास काहीच नाही. नंतर कोलंबिया या हॉलिवूडच्या कंपनीनं पिक्चर घेतला, थिएटरसाठी ३५ एमएमच्या रुंद फिल्मवर नेला, साउंड नव्यानं केला, जाहिराती केल्या, त्यात मूळ बजेटच्या कित्येक पट पैसा गेला. म्हणजे आपण थिएटरात जे बघितलं असतं ते काही सात हजाराचं नव्हतं. ७,००० म्हणजे तेव्हाच्या भावानं दीड-दोन लाख रुपये धरा. तुमचा फिल्मचा खर्च शून्य आहे, मोबाइल खिशातच आहे, त्यामुळे सत्तर हजार काही कमी नाहीत.

पण मेन गोष्ट वेगळीच. रॉड्रिगेझनं आधी स्क्रिप्ट लिहून मग सामान शोधलं असं झालं नाही, आधी आपल्याकडे काय काय आहे ते बघितलं. हिरो कार्लोस गायार्दो त्याचा मित्र आणि ते गाव त्याचंच, सगळे ओळखीचे. मग गावात जे मिळालं, कुत्रा, बस, मोटरसायकल, ते सगळं स्टोरीत घुसवलं. रस्त्यात कासव चाललेलं दिसलं तर तेही घेतलं, आणि ते पिक्चरमध्ये आहे! तुम्ही मात्र मला पाठवलेल्या स्टोरीत हेलिकॉप्टर लिहिलंय. काढा ते. चौघांपैकी कुणाच्या मामाचं गॅरेज असेल, कुणाची द्राक्षाची बाग असेल, तिथून सुरुवात करा.

प्रश्न : आम्ही शॉर्ट फिल्म केली, व्हिडिओ एक नंबर आलाय, पण आवाज ऐकवत नाही. रॉड्रिगेझनं एवढ्या पैशात आवाजाचं काय केलं? (सिडको)

उत्तर : या प्रश्नाला मी जरा जास्त जागा देणारे, कारण माझी स्वतःची फिल्म याच खड्ड्यात गेलीय.

त्याचा कॅमेरा उसना होता आणि एवढा खडखड करायचा की शूटिंग चालू असताना आवाज घेणं शक्यच नव्हतं. मग तो काय करायचा, शॉट झाला की कॅमेरा बंद, आणि तिथल्या तिथे कलाकाराच्या तोंडाशी माइक धरून तेच डायलॉग परत बोलायला लावायचा आणि कॅसेट रेकॉर्डरवर घ्यायचा. आत्ताच बोललेलं असल्यानं माणूस जवळपास त्याच लयीत बोलतो. नंतर एडिटिंगला बसल्यावर जिथपर्यंत ओठ जुळतात तिथपर्यंत चेहरा ठेवायचा, जुळेनासे झाले की फटकन दुसऱ्याच्या तोंडावर किंवा त्या कुत्र्यावर कट. लोक म्हणाले काय फास्ट एडिटिंग आहे, स्टाइल आहे! अहो ती स्टाइल नव्हती, अडचण होती.

आता आमचं ऐका. गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीच्या घाटावर, सकाळी सहाला पोचलो, म्हटलं शांत असेल, आणि रामकुंडाशी सहाला शांत असतं असं समजणारा माणूस नाशिकचा नाहीच म्हणायचा, पण आम्ही होतो तसे. घंटा, कपडे आपटायचा आवाज, लाउडस्पीकरवरची आरती, आणि पाण्यावरून येणारा वारा. कॉलर माइक भाड्यानं आणला होता, त्याची स्पंजची टोपी देणाऱ्यानं दिलीच नाही आणि आम्ही मागितलीही नाही, त्यामुळे हिरोइन रडतेय आणि मागे सगळं फडफड फडफड. मग काय, घरी आलो, आजीच्या दोन गोधड्या कपाटाच्या दारांवर टाकल्या, मध्ये हिरोइनला बसवलं, फॅन बंद, फ्रीजचा प्लग काढला (आईच्या शिव्या खाल्ल्या) आणि परत डब केलं. आठ दिवसांनी केलं तर सूरच लागेना, रडणं काही जमेना. त्याच दिवशी घाटावरच, गाडीत काचा वर करून घेतलं असतं तर झालं असतं, हे नंतर सुचलं.

तर तुम्ही एवढं करा: प्रत्येक शॉटनंतर लगेच तेच डायलॉग परत, दुसऱ्या मोबाइलवर, तोंडापासून वीतभर. आणि कोणी न बोलता त्या जागेचा मिनिटभर नुसता आवाज घ्या, आवाजाचे तुकडे जोडताना सांधे झाकायला तोच कामाला येतो. शिवाय ऐकणाऱ्याचा चेहरा, हात, चहाचा ग्लास असे शॉट भरपूर घ्या, ओठ जुळले नाहीत तर पळायला जागा राहते.

प्रश्न : भाऊ, तुमचं वाचून आमचा मुलगा म्हणतो की त्या रॉड्रिगेझनं औषधाच्या टेस्टिंगला स्वतःला दिलं आणि पैसे उभे केले, मीही करतो. काय बोलू त्याला? (एक आई, सातपूर)

उत्तर : ताई, तेवढं खरं आहे. तो महिनाभर कोलेस्टेरॉलच्या औषधाच्या चाचणीत राहिला, साधारण ३,००० डॉलर मिळाले आणि स्क्रिप्ट तिथेच बसून लिहिली. मजा म्हणजे त्याच चाचणीत एक गोरा माणूस भेटला, त्याला व्हिलन केलं, त्याला स्पॅनिश येत नव्हतं, डायलॉग नुसते पाठ करून म्हणाला. पण मुलाला माझ्याकडून सांगा, यातलं स्क्रिप्ट लिहिण्याचं तेवढं उचल, बाकीचं नको. पिक्चर पडला तर दुसरा काढता येतो, किडनी-लिव्हरचं तसं नसतं.

आणि उदाहरणच हवं असेल तर लांब कशाला जायचं, दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचेच. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ ला लंडन गाठलं, मटारचं रोप वाढताना दाखवणारी छोटी फिल्म करून पैसेवाल्याला पटवलं, आणि मग १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. त्यांच्या बायको सरस्वतीबाई घरात फिल्मच्या कडेला (कॅमेऱ्यात ती पुढे सरकायला लागतात ती) भोकं पाडत होत्या आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही करत होत्या. म्हणजे ताई, हे वेड शेवटी तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येणारे, तयारीत रहा.

प्रश्न : अहिराणीत फिल्म करतोय. सगळे म्हणतात हिंदीत कर, कोण बघणार? (सटाणा)

उत्तर : रॉड्रिगेझ राहायला अमेरिकेत, पण पिक्चर स्पॅनिशमध्ये केला, कारण त्याला तो स्पॅनिश व्हिडिओ कॅसेटच्या मार्केटमध्ये विकायचा होता. कलेबिलेचा विचार नव्हता, गिऱ्हाईक ठरलेलं होतं. फेस्टिव्हल वगैरे डोक्यातच नव्हते, आणि १९९३ ला सनडान्स या अमेरिकेतल्या फेस्टिव्हलला प्रेक्षक पुरस्कार मिळाला, अमेरिकेत सबटायटलसकट लागून वीसेक लाख डॉलर कमावले. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला नासीर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, तिथल्या लोकांसाठी तिथल्या भाषेत, आणि लोकांनी तिकीट काढून बघितला. तुमचं गिऱ्हाईक धुळे, नंदुरबार, जळगावपासून सटाणा-कळवणपर्यंत पसरलंय, अजून किती पाहिजे? हिंदीत केलात तर तुम्ही हजारात एक.

प्रश्न : चूक झाली आणि परत शूट करायला पैसे नसतील तर?

उत्तर : 'एल मारियाची'मध्ये हिरो रस्त्यावर नारळ घेतो आणि पैसे देतानाचा शॉट घ्यायचाच राहिला. एवढ्यासाठी परत कोण जाणार? रॉड्रिगेझनं हिरोच्या आवाजात वरून एक वाक्य टाकलं की इथे नारळ फुकट मिळतात. झालं काम.

प्रश्न : कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीऐवजी रॉड्रिगेझनं व्हीलचेअर वापरली असं वाचलं. नाशिकमध्ये कुठे मिळेल?

उत्तर : पेशंटसाठी कॉट, वॉकर भाड्यानं देणारी दुकानं असतात ना, तिथे. महिन्यावर देतात, आठवड्याचं बोलून बघा. हवेच्या टायरवाली मिळाली तर हवा जरा कमी ठेवा, धक्के कमी बसतात, आणि ढकलणारा माणूस बुटका बघा नाहीतर सावली फ्रेममध्ये येते. परत देताना चाकातली वाळू झाडून द्या. आम्ही दिली नव्हती, डिपॉझिटमधले दोनशे गेले.