साठीनंतर पुन्हा मॉडेल कारचं किट जोडायला घ्यावं का? हात-डोळे साथ देतील?

घ्या की! मीही एकसष्टाव्या वर्षी पुन्हा सुरू केलं. हातापेक्षा डोळेच दगा देतात, म्हणून आधी भिंगाचा दिवा घ्या. माप १/२४ बरं. सव्वाचार मीटरची गाडी साधारण १८ सेंटिमीटरची होते. काचांना झटपट चिकटणारा गोंद लावू नका, वाफेने त्या पांढुरक्या पडतात (माझी पहिली गाडी कायमची धुक्यात अडकलीय). बाकी सांध्यांना पातळ प्लास्टिक सिमेंट. ते प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं. पॉलिश पेपर पुण्यात बोहरी आळीत मिळतो. इथल्या पावसाळ्यात मात्र लॅकर स्प्रे नकोच, दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते. तेव्हा नुसती जोडणी करा, रंगकाम दिवाळीनंतर गच्चीवर.