श्रद्धा सांगावी, पण कुठपर्यंत?

"मी माझा अनुभव लिहिला की लोक म्हणतात प्रचार करू नका, मग श्रद्धेबद्दल बोलायचंच नाही का?" हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. त्यातल्या एका ताईंबद्दल सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवरा गेल्यावर त्यांना प्रार्थनेनेच सावरलं होतं. जवळचं माणूस गमावलेल्यांच्या एका ऑनलाइन ग्रूपवर त्या ते मोकळेपणाने लिहायच्या, कुणाची तक्रार नव्हती. मग एकीने लिहिलं की मुलगा गेल्यापासून झोप लागत नाही, तर यांनी तिला पर्सनल मेसेज केला. मी म्हटलं दाखवा. पहिला मेसेज खरंच सुंदर होता, "मला प्रार्थनेने बळ मिळालं, वाटलं तुम्हाला सांगावं." तिचं उत्तर, "थँक्यू, पण माझा विश्वास नाही." आणि त्याखाली यांचे व्हिडिओ, लिंक्स, रोज सकाळ-संध्याकाळ, आणि शेवटी "देवाकडे वळली नाहीस तर ही अशांती जाणारच नाही."

हेतू वाईट नव्हता हो, भलंच व्हावं असं वाटत होतं त्यांना. पण मुलगा गेलेल्या आईला तुझं दुःख तुझ्या अश्रद्धेमुळे टिकलंय असं सांगणं, हा माझ्या मते सरळ दबाव आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 18 वं कलम धर्म पाळायचा, शिकवायचा हक्क देतं आणि बदलायचाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात 1993 मध्ये ग्रीसमधल्या कोक्किनाकिस यांची केस निकाली निघाली, घरोघरी जाऊन धर्माबद्दल बोलायचे म्हणून त्यांना शिक्षा झाली होती. कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण श्रद्धेची साक्ष देणं वेगळं आणि दुःखात, अडचणीत असलेल्या माणसावर दबाव टाकणं वेगळं हेही सांगितलं.

मी ताईंना एवढंच विचारलं, तिने नाही म्हटल्यावर तुम्ही पाठवलेल्यातलं तिने काय मागितलं होतं? त्या स्क्रोल करत राहिल्या, मग म्हणाल्या, "काहीच नाही."

आम्ही मिळून मेसेज लिहिला: "तुम्ही नको म्हटल्यावरही मी पाठवत राहिले, माफ करा, आता पाठवणार नाही. झोपेचं डॉक्टरांशी बोललात का?" ग्रूपवर त्या स्वतःच्या प्रार्थनेबद्दल अजूनही लिहितात आणि त्यांनी ते थांबवावं असं मला अजिबात वाटत नाही, फक्त कुणाला पर्सनलवर काही पाठवायचं तर आधी विचारतात.